प्युरिफायर रात्रभर चालू, खिडक्या बंद, तरी पहाटे आकडा वर जातोय? आमच्याकडे काय निघालं ते सांगते

गेले तीन हिवाळे आमच्याकडे एकच प्रकार चाललाय. आम्ही चेंबूरला राहतो, चौथा मजला, आजूबाजूला जुन्या बिल्डिंगा पाडून टॉवर बांधायचं काम सतत सुरू. सासूबाईंना दमा आहे. नोव्हेंबर लागला की रात्री दहाला प्युरिफायरवर हवेतल्या बारीक कणांचा १२-१५ आकडा, हिरवा लाइट, सगळे निवांत झोपतात आणि पहाटे साडेचार-पाचला त्यांना खोकल्याची ढास लागते ती तासभर थांबत नाही. उठून बघावं तर आकडा ९०, ११०, एकदा तर १४०. खिडक्या बंद, दार बंद, फिल्टर नवा. पहिल्या वर्षी वाटलं मशीनच खराब, सर्व्हिसिंग करून घेतलं. दुसऱ्या वर्षी मोठं मशीन घेतलं. तरी तेच. शेवटी दोष मशीनचा नव्हताच, आणि जे निघालं ते अनेकांच्या घरी असणार असं वाटलं म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

आधी हे डोक्यात पक्कं करा की घरातल्या घाण हवेचे दोनच रस्ते आहेत, एक तर बाहेरून आत येतेय नाहीतर घरातच तयार होतेय. दोन्हीचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. बाहेरून येत असेल तर खिडकी बंद करायची, घरात होत असेल तर उघडायची. हे न ठरवता आपण प्युरिफायर घेतो आणि मग तो बिचारा दिवसरात्र फिरत राहतो. आणि हे ठरवायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे वेळ. आकडा किती झाला यापेक्षा तो कधी वाढला ते बघा. मी काही हजारांत मिळणारा छोटा मीटर घेतला, पीएम २.५ म्हणजे हवेतले अगदी बारीक कण दाखवणारा, आणि तो प्युरिफायरपासून लांब, आईंच्या (म्हणजे सासूबाईंच्या) उशाशी ठेवला. प्युरिफायरचा स्वतःचा सेन्सर मशीनच्या अंगातच असतो, त्याच्याभोवतीची हवा तो स्वतःच साफ करत असतो त्यामुळे त्याला सगळं छान दिसतं आणि आठ फुटांवर पलंगावर काय चाललंय ते त्याला कळत नाही. आमच्याकडे बरेचदा मशीनवर २० आणि उशाशी ४५ असा फरक यायचा. दहा दिवस मी कालनिर्णयच्या मागच्या बाजूला वेळ आणि आकडा लिहीत होते, आणि बाजूला त्या वेळी घरात काय चालू होतं तेही, म्हणजे फोडणी, झाडू, गिझर, एसी, पंखा, सगळं.

आता बाहेरच्या आकड्याबद्दल, कारण इथे सगळ्यांचाच गोंधळ होतो. माझ्या नणंदेच्या फोनवर चेंबूरचं एक्यूआय, म्हणजे हवा किती खराब ते सांगणारा निर्देशांक, १५५ दिसायचं आणि माझ्या फोनवर १०० आणि दोघी भांडायचो की कुणाचं खरं. दोन्ही खरी असू शकतात! एक्यूआय ही मोजलेली गोष्ट नाहीच, ते एक गुणपत्रक आहे आणि प्रत्येक देशाची गुण द्यायची पद्धत वेगळी. हवेत पीएम २.५ जर ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर असेल तर आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या हिशोबाने एक्यूआय १०० येतो, म्हणजे 'समाधानकारक'ची शेवटची पायरी, आणि त्याच हवेला अमेरिकन पद्धत दीडशेच्या पुढे नेते. बरेच परदेशी अ‍ॅप अमेरिकन पद्धत वापरतात, सरकारी 'समीर' अ‍ॅप आपली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मधे दिलेली २४ तासांची मर्यादा तर फक्त १५ आहे, आपली ६०. म्हणून घरात दमेकरी किंवा लहान मूल असेल तर 'समाधानकारक' या शब्दावर विसंबू नका असं मी कळकळीने सांगेन.

आणि दुसरं, आपल्या पद्धतीत आठ प्रदूषक धरतात आणि त्यातला जो सगळ्यात वाईट त्याचा आकडा तोच त्या दिवसाचा एक्यूआय. त्यामुळे आजचा १८० हा पीएम १० मुळे आहे का पीएम २.५ मुळे हे बघायलाच हवं. पीएम १० म्हणजे मुख्यतः धूळ, रस्ता, बांधकाम. ती जड असते, लवकर खाली बसते, खिडकी लावली की बरीचशी अडते. पीएम २.५ म्हणजे धूर, जळणं, गाड्या. केसाच्या जाडीच्या विसाव्या-तिसाव्या भागाएवढे कण, ते फटीतून सहज आत येतात, तासन् तास तरंगत राहतात आणि फुप्फुसात खोल जातात. शिवाय 'समीर'वरचा एक्यूआय मागच्या २४ तासांच्या सरासरीवर असतो, म्हणजे आत्ता खिडकी उघडू का या प्रश्नाचं उत्तर तो देत नाही. त्यासाठी जवळच्या हवा मोजणाऱ्या केंद्राचा तासाचा पीएम २.५ चा आलेख उघडून बघायचा. आमच्या जवळ चेंबूर, देवनार, शीव अशी वेगवेगळी केंद्रं आहेत आणि एकाच सकाळी त्यांच्यात चांगलाच फरक असतो. तुमच्या खिडकीखाली कुणी कचरा जाळत असेल तर ते तर कुठल्याच केंद्राला दिसणार नाही.

तो आलेख चार दिवस बघितला की मुंबईचा हिवाळा कळतो. दुपारी समुद्रावरून वारा सुटतो, ऊन असतं, हवा वर चढते आणि सगळं पसरून जातं, म्हणून साधारण एक ते चार-पाच ही सगळ्यात बरी वेळ. रात्री जमीन गार होते, खालची हवा गार आणि वरची उबदार असं झाकण बसतं, वारा पडतो किंवा जमिनीकडून समुद्राकडे हळू वाहतो, आणि दिवसभरातलं सगळं त्या झाकणाखाली साचत जातं ते उजाडून ऊन वर येईपर्यंत. आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं असतं की पहाटेची हवा शुद्ध, सकाळी उठून खिडक्या उघडाव्यात. गावाला ठीक आहे. शहरात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाच ते नऊ खिडकी उघडणं म्हणजे दिवसातली सगळ्यात घाण हवा घरात बोलावणं. आई रोज साडेपाचला देवघराची खिडकी उघडायच्या, चाळीस वर्षांची सवय. त्यांना मी आलेख दाखवला, म्हटलं आई, ही बघा पहाटेची रेघ आणि ही दुपारची. त्या म्हणाल्या, "अगं मग देवाला वारा दुपारी देऊ, त्यात काय." तेव्हापासून खिडकी दुपारी उघडते.

तरी रात्रीचा प्रश्न सुटला नव्हता कारण खिडकी उघडायच्या आधीच, अडीच-तीनपासून, आकडा चढायला लागायचा. कालनिर्णयवरच्या नोंदी बघितल्या तर घरात त्या वेळी काहीच चालू नसायचं, म्हणजे बाहेरूनच येतंय. पण बाहेरचं आत येतं तरी कुठून? आणि प्युरिफायर ते खेचून का घेत नाही?

इथे एक सांगते, मीटरवरही आंधळा विश्वास नको. हे छोटे मीटर कणांवर प्रकाश पाडून मोजतात, त्यामुळे वाफेचे थेंबही त्यांना धूळच वाटतात. आंघोळीनंतर बाथरूमचं दार उघडलं, वाफारा घेतला, दमट धुकट पहाट असली की आकडा उगाच फुगतो. अल्ट्रासॉनिक ह्युमिडिफायर (हवा दमट करणारं यंत्र) वापरत असाल आणि त्यात बोअरिंगचं पाणी घालत असाल तर पाण्यातला क्षार खरोखरच हवेत उडतो आणि मीटर दोनशेच्या वर जाऊ शकतो. सेन्सरच्या छोट्या भोकात धूळ साचली तरी चुकीचं दाखवतो, कोरड्या मऊ ब्रशने हलकेच साफ करायचं. माझी खात्री करायची पद्धत सोपी होती, आकडा वाढला की मीटर उचलून पाच मिनिटं हॉलमधे ठेवायचा. आमच्या हॉलमधे ६० आणि बेडरूममधे ११० आलं. म्हणजे आकडा खरा होता आणि घाण बेडरूममधेच येत होती.

मग एका रात्री तीन वाजता मी उदबत्ती लावून हातात घेतली आणि बेडरूमच्या स्लायडिंग खिडकीच्या कडेकडेने फिरवली. धुराची रेघ एरवी सरळ वर जाते. खिडकीचे दोन पल्ले जिथे एकमेकांवर येतात त्या उभ्या फटीपाशी ती एकदम आडवी झाली आणि सरळ खोलीच्या आत वाकली, कुणीतरी फुंकर मारावी तशी. खालच्या ट्रॅकमधे पाणी जायला जी भोकं असतात तिथेही तेच. एसीचा पाइप जिथून भिंतीतून बाहेर जातो तिथलं सिमेंट सुटलं होतं, तिथेही. वारा तर बाहेर अजिबात नव्हता, समोरच्या झाडाचं पान हलत नव्हतं. मग ही हवा आत ओढतंय कोण? आणि त्या शांततेत मला बेडरूमला लागून असलेल्या बाथरूममधला एक्झॉस्ट ऐकू आला. तो रात्रभर चालू असायचा. आमच्या बाथरूमला ओल धरते म्हणून नवरा झोपताना तो लावून ठेवायचा आणि दारही थोडं उघडं, गेली तीन-चार वर्षं.

एक्झॉस्ट जेवढी हवा बाहेर फेकतो तेवढीच हवा कुठून ना कुठून घरात येणार, दुसरा मार्गच नाही. सहा इंची छोटा एक्झॉस्टही तासाला शंभर-दीडशे घनमीटरच्या पुढे हवा ओढतो. आमची बेडरूम १० बाय १२, उंची साडेनऊ फूट, म्हणजे ११४० घनफूट, साधारण ३२ घनमीटर. म्हणजे तासाला चार-पाच वेळा अख्ख्या खोलीची हवा बदलून बाहेरची पहाटेची हवा, समोरच्या साइटच्या धुळीसकट, फटीतून आत येत होती आणि कोपऱ्यात प्युरिफायर स्लीप मोडवर हळूहळू फिरत होता. तो कितीही भारी असता तरी हरलाच असता. एक्झॉस्ट बंद करून बाथरूमचं दार लावलं, मीटर बघत बसले. पावणेचारला ८५ होता, साडेचारला ३८. मी तिथेच पलंगाच्या कडेला बसून राहिले, तीन वर्षं आई खोकत होत्या ते आठवून रडायला आलं.

त्यानंतर जे केलं ते असं. एक्झॉस्ट आता आंघोळीनंतर अर्धा तास आणि दुपारी. स्लायडिंगच्या उभ्या फटीला हार्डवेअरवाल्याकडे मिळते ती केसाळ ब्रशची पट्टी, जुनी पार झिजून गेली होती, ती अ‍ॅल्युमिनियमवाल्याला बोलावून बदलली. एसी पाइपचं भोक पुट्टीने भरलं. ट्रॅकची पाण्याची भोकं मात्र कायमची बुजवू नका, पावसाळ्यात पाणी आत येईल, हिवाळ्यापुरती चिकटपट्टी लावा आणि मे महिन्यात काढा. बाथरूमच्या काचेच्या पट्ट्यांच्या खिडकीला मी काही केलं नाही, फक्त दार लावते आणि दाराखाली जुनी चादर गुंडाळून ठेवते.

एक गोष्ट अगदी हात जोडून सांगते, ज्या बाथरूममधे गॅस गिझर आहे तिथली एकही फट बुजवायची नाही आणि तिथला एक्झॉस्ट किंवा खिडकी बंद करून आंघोळ करायची नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आपल्याकडे दर हिवाळ्यात यात माणसं जातात. आमचा गिझर इलेक्ट्रिकचा आहे म्हणून मी हे करू शकले.

आणि खोली अगदी डबाबंदही करू नका. स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही, तीच हवा फिरवतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. बंद खोलीत दोन-तीन माणसं झोपली की कार्बन डायऑक्साइड वाढत जातो, बाहेर तो ४२० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) आसपास असतो, बंद बेडरूममधे पहाटेपर्यंत दीड-दोन हजारांवर सहज जातो आणि मग सकाळी डोकं जड, उठल्यावर फ्रेश वाटत नाही. प्युरिफायर याला काहीच करत नाही, तो फक्त कण पकडतो. आम्ही बेडरूमचं दार हॉलकडे उघडं ठेवतो म्हणजे मोठ्या जागेत हवा वाटली जाते, आणि दुपारी दोन ते चार समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडून घर धुऊन काढल्यासारखं मोकळं करतो.

तुमचा आकडा रात्री नव्हे तर सकाळ-संध्याकाळ ठरावीक वेळी टोकासारखा वर जात असेल आणि तासा-दीड तासात उतरत असेल तर तो घरातलाच आहे, बाहेर बघूच नका. आमच्या नोंदीत साडेसहाला एक टोक होतं, धूप. सातला दुसरं, झाडू. साडेआठला तिसरं आणि सगळ्यात उंच, फोडणी. मिरची-मोहरीच्या फोडणीला हॉलमधला मीटर ३०० दाखवतो, खोटं वाटेल पण करून बघा. चिमणी असली तरी तिचा पाइप बाहेर काढलेला आहे का ते बघा, बिनपाइपच्या चिमण्या तेल थोडं पकडतात आणि बाकी सगळं परत तुमच्याच तोंडावर सोडतात. गॅस पेटवायच्या आधी चिमणी लावायची, भाजी उतरल्यावर दहा मिनिटं चालू ठेवायची आणि त्या वेळी ओट्याजवळची नव्हे तर लांबची, हॉलमधली खिडकी चार बोटं उघडायची म्हणजे हवा हॉलकडून किचनकडे वाहते आणि धूर आत पसरत नाही. कोरडा झाडू सकाळी बंद केला, आधी ओलं फडकं मग झाडू, बसलेली धूळ परत उडत नाही.

मच्छरची कॉइल मात्र आजच्या आज बंद करा. २००३ मधे प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एक कॉइल पूर्ण जळताना जेवढे बारीक कण सोडते ते ७५ ते १३७ सिगारेटींएवढे निघाले होते, आणि ती आपण मुलांच्या पलंगाखाली लावतो. मच्छरदाणी लावा, खिडकीला जाळी लावा. धुपाबद्दल मी आईंना एकदम बंद करा असं म्हटलं नाही, त्यांच्या मनाला लागलं असतं. देवघरात आता तुपाचं निरांजन असतं आणि धूप फक्त सणाला, तोही दुपारी खिडकी उघडी असताना. हे त्यांनीच सुचवलं.

प्युरिफायरबद्दल थोडक्यात. खोक्यावर किती स्क्वेअर फूट लिहिलंय ते सोडा, सीएडीआर बघा, म्हणजे मशीन तासाला किती घनमीटर साफ हवा देतं तो आकडा. खोलीचे घनमीटर गुणिले पाच, एवढा तरी हवा, आमच्या खोलीला १६० झाला. पण तो आकडा फुल स्पीडचा असतो, रात्री आवाजामुळे आपण मंद वर ठेवतो तेव्हा निम्म्याहून कमी होतो, म्हणून दुप्पट क्षमतेचा घेऊन मध्यम स्पीडवर चालवणं बरं. ऑटो मोडवर भरवसा नको, कारण वर सांगितलं तसं त्याला पलंगावरचं दिसत नाही. हेपा फिल्टर, म्हणजे बारीक कण पकडणारा आतला मुख्य फिल्टर, धुवायचा नसतो, धुतला की त्याचे तंतू बिघडतात, फक्त बाहेरची जाळी महिन्याला साफ करायची. आमच्या शेजारच्या काकूंचं मशीन आठ महिने चालू होतं आणि आतल्या फिल्टरवरची प्लॅस्टिकची पिशवी काढलेलीच नव्हती, डिलिव्हरी देणाऱ्याने सांगितलं नाही, त्यांना माहीत नव्हतं. नवीन घेतलं की आधी उघडून बघा. ओझोन सोडणारं कुठलंही यंत्र दमेकऱ्याच्या खोलीत नको. आणि स्नेक प्लांट, मनी प्लांट हौसेने जरूर लावा पण त्याने हवा शुद्ध होते हे डोक्यातून काढा, २०१९ मधल्या एका आढाव्यात हिशोब केला होता की साध्या खिडकीएवढा परिणाम मिळवायला दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील.

समोरच्या साइटचं काय, तर ऑक्टोबर २०२३ मधे महापालिकेने बांधकामांसाठी नियमावली काढलीय. ७० मीटरपेक्षा उंच बिल्डिंगभोवती किंवा एक एकरपेक्षा मोठ्या साइटभोवती निदान ३५ फूट उंच पत्रे, साइट एक एकरपेक्षा लहान असेल तर २५ फूट, पाडकामाभोवती ओलं कापड, पाणी मारणं, डेब्रिजचा ट्रक झाकणं, बाहेर पडताना चाकं धुणं. हे पाठ करून ठेवा कारण साइटवरच्या माणसाशी बोलताना उपयोगी पडतं. आम्ही सोसायटीच्या लेटरहेडवर तारीख-वेळेसकट फोटो लावून वॉर्ड ऑफिसला दिले, महापालिकेच्या १९१६ या हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवली. नुसतं 'खूप धूळ येते' असं लिहिलं की काही होत नाही, 'अमुक तारखेला सकाळी सात वाजता कापड न लावता पाडकाम सुरू होतं' असं लिहिलं आणि आठ दिवसांत हिरवं कापड लागलं, पाण्याचा टँकर यायला लागला.

सध्या पहाटे पाचला आईंच्या उशाशी २० ते ३० च्या मधे असतो. दोन-तीन रात्री अजूनही ५० ला गेला, त्या दिवशी बाहेरच १५० होतं. खोकला पूर्ण गेला नाहीये, पण रात्रीची झोप मोडत नाही. त्यांचा पंप चालूच आहे, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मीटरच्या भरवशावर एकही डोस कमी करायचा नाही हे घरात सगळ्यांना बजावलंय. आता पुढच्या महिन्यात मागची बिल्डिंग पाडणार आहेत. त्या बाजूच्या किचनच्या खिडकीच्या पट्ट्या या रविवारी बदलायच्या आहेत, माप घेऊन ठेवलंय.